उदास गाण्यातला ‘तू’ कोण?

एखादं उदास इंडी गाणं (म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या साच्याबाहेरचं, स्वतंत्र वळणाचं) चार जणांनी मिळून ऐकलं की वाद ठरलेला. एक म्हणतो, हे ब्रेकअपचं गाणं. दुसरा म्हणतो, छे, वडील गेल्याचं आहे. तिसऱ्याच्या मते यातली नदी म्हणजे व्यसन. चौथा फोन काढतो, गायकाची मुलाखत शोधतो आणि निकाल देऊन मोकळा होतो: तो स्वतःच म्हणालाय, हे त्याच्या कुत्र्यावर आहे. मग उरलेले तिघं चिडून एकच वाक्य बोलतात, ‘तो काहीही म्हणू दे, माझ्यासाठी हे असंच आहे.’ इथे वाद संपला असं सगळ्यांना वाटतं. खरं म्हणजे तो सुरूच झालेला नसतो. एका बाजूचं लक्ष गायकाच्या आयुष्याकडे, दुसरीचं स्वतःच्या आयुष्याकडे, आणि गाणं बिचारं स्पीकरमध्ये वाजत राहिलेलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. श्रोत्याने स्वतःचा अर्थ लावावा, खुशाल लावावा. पण लावलेला अर्थ हा एक दावा असतो आणि त्याचा पुरावा गाण्यातूनच द्यावा लागतो. म्हणजे शब्दांतून, चालीतून, आवाजातून, कडव्यांच्या क्रमातून. गायकाची मुलाखत ही फार तर बाहेरची साक्ष. आणि आपली आठवण ही तर साक्षच नाही. ती मौल्यवान असेल, रात्रभर झोपू न देणारी असेल, पण तिला ‘अर्थ’ म्हणायचं कारण नाही.

‘माझ्यासाठी असंच आहे’ म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही. उलट इंडी संगीताचा इतिहास त्यांच्याच बाजूने बोलतो. आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा १९८३चा पहिला अल्बम घ्या. गायक मायकल स्टाइप त्यात इतका पुटपुटतो की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही ओळी लागत नाहीत, आणि अल्बमसोबत शब्द छापलेले नव्हते. या बँडने एखाद्या अल्बमचे पूर्ण शब्द पहिल्यांदा छापले ते १९९८मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी. आइसलंडचा सिगुर रोस हा बँड त्याहून पुढे गेला. त्यांच्या २००२च्या अल्बमला नाव नाही, नुसते दोन कंस आहेत. आठही गाण्यांना शीर्षक नाही. शब्द म्हणाल तर कुठल्याच भाषेतले नाहीत. जवळजवळ एकच निरर्थक अक्षरमाला फिरून फिरून येते. सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी, ऐकणाऱ्याने आपल्याला सुचेल ते त्यावर लिहावं म्हणून. श्रोत्याला याहून स्पष्ट निमंत्रण कोण देणार?

शब्द आधी की सूर आधी, हाही मुद्दा त्यांच्याच बाजूला जातो. बॉन इव्हेर या नावाने गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननने आपला पहिला अल्बम २००६-०७च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या लाकडी केबिनमध्ये राहून केला. त्याची रीत अशी की आधी नुसत्या अक्षरांवर, अर्थाविना चाल गाऊन रेकॉर्ड करायची. मग तेच पुन्हापुन्हा ऐकत त्या ध्वनींत कुठले शब्द दडलेत ते शोधून लिहायचे. चालीवर शब्द बसवणाऱ्या कुठल्याही गीतकाराला यात नवल वाटणार नाही. वरच्या पट्टीत आवाज लांबवायचा असेल तर तिथे ‘आ’ किंवा ‘ओ’सारखा मोकळा स्वर लागतो, ‘इ’वर गळा आवळतो. म्हणजे ओळीच्या शेवटी ‘स्नो’ आला तो बर्फ हे मृत्यूचं प्रतीक म्हणून आला, की तिथे ‘ओ’ हवा होता म्हणून? निदान काही वेळा तरी दुसरंच खरं असतं. मग प्रत्येक शब्दामागे गुपित शोधणाऱ्याचं हसं होणार नाही तर काय?

हे सगळं मान्य. पण यातून ‘काहीही अर्थ चालेल’ हे कसं निघतं? सिगुर रोसच्या त्या कोऱ्या पानांचंच बघा. शब्द नाहीत, शीर्षक नाही, मुलाखतीची गरज नाही. तरी त्या पानांवर वरातीचं वर्णन कोणाला सुचेल? लय संथ आहे, ऑर्गनचे स्वर लांबच लांब ओढलेले आहेत, आवाज फॉल्सेटोत म्हणजे गळ्याच्या वरच्या, पातळ पट्टीत आहे. मधोमध ३६ सेकंदांची शांतता आहे आणि तिच्यानंतरची चार गाणी आधीच्या चारांपेक्षा जड होत जातात. अर्थाच्या चार भिंती उभ्या आहेत. कोरं पान ठेवलंय ते त्या भिंतींच्या आत.

ही गोष्ट आपल्याकडे अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त एका वाक्यावर दाखवून दिली आहे. वाक्य साधं: ‘सूर्य मावळला.’ सेनापतीने म्हटलं तर शत्रूवर चाल करून जायची वेळ झाली. दूतीने अभिसारिकेला म्हटलं तर निघ आता. गुराख्याने म्हटलं तर गुरं घरी वळवा, दुकानदाराने म्हटलं तर माल आवरा, मजुराने म्हटलं तर काम पुरे. वाक्य एक आणि अर्थ दहा. याच उदाहरणाचा दाखला देऊन कोणी म्हणेल, बघा, अर्थ ऐकणाऱ्यावर असतो. पण मम्मटाने यादी दिली आहे ती हा फरक कशाने पडतो याची: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाची ढब कशी, प्रसंग काय, स्थळ कुठलं, वेळ कुठली. दहा अर्थांपैकी प्रत्येकाला यातला कुठला ना कुठला आधार आहे. आणि ‘सूर्य उगवला’ हा अर्थ दहांपैकी एकालाही लागत नाही.

आवाजाच्या त्या ढबीला संस्कृतात ‘काकु’ म्हणतात. छापील शब्द वाचून गाण्यांचे अर्थ लावणारी मंडळी नेमकी हीच बाजू सोडून देतात. एलियट स्मिथ या अमेरिकन गायकाची पद्धत बघा: एकच ओळ दोनदा गायची आणि दोन्ही रेकॉर्डिंग एकमेकांवर ठेवायची. दोन्हींतली सूक्ष्म तफावत कानाला वेगळी ऐकू येत नाही, पण आवाजाच्या कडा धूसर होतात, आणि ‘मी’ म्हणणारा माणूस एकटा असूनही एकटा वाटत नाही. मायक्रोफोनच्या अगदी जवळ, चार बोटांवर तोंड ठेवून कुजबुजलं की खर्ज फुगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपल्याच कानाशी बोलतोय. ‘हे गाणं माझ्यासाठीच लिहिलंय’ या भावनेतला बराचसा वाटा या अंतराचा असतो. शब्द तेच ठेवून तो माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून गायला असता, तर ती कबुली न वाटता घोषणा वाटली असती.

आता मुलाखतवाल्यांकडे वळू. त्यांचा सगळ्यात जोरकस पुरावा माझ्या मते माउंट ईरीचा २०१७चा अल्बम. माउंट ईरी या नावाने गाणाऱ्या फिल एल्व्हरमची बायको, चित्रकार आणि संगीतकार जनव्हिएव कास्ट्रे, जुलै २०१६मध्ये कर्करोगाने गेली. त्याच शरद ऋतूत त्याने तिच्या खोलीत बसून, बहुतेक तिचीच वाद्यं वापरून ही गाणी रेकॉर्ड केली. पहिल्याच गाण्यात ती जाऊन आठवडा झालाय आणि दारात तिच्या नावाचं पार्सल येतं. आत लहान मुलीसाठी दप्तर आहे. मुलगी शाळेत जायला अजून दोनेक वर्षं आहेत, पण आपण तेव्हा नसणार हे ओळखून तिने ते कोणाला न सांगता मागवून ठेवलेलं. तो तिथेच पायरीवर कोसळून रडतो. या गाण्याबद्दल ‘माझ्यासाठी ते दप्तर म्हणजे समाजाने लादलेल्या अपेक्षांचं ओझं’ असं कोणी म्हणालं तर? संताप येतो, आणि तो रास्त आहे. मुलाखतवाले म्हणतात, बघा, खरं काय घडलं ते कळल्याशिवाय अर्थ कळत नाही.

पण घटकाभर थांबून बघू या, दप्तर हे दप्तरच आहे हे आपल्याला कळलं कशावरून? मुलाखत न वाचताही ते कळतं. गाण्यात दिवस मोजलेले आहेत, पार्सलवर नाव आहे, पायरी आहे. उपमा जवळजवळ नाहीत. सूर बोलण्याच्या पातळीवरचा, ओळी यमकाकडे न वळणाऱ्या. मृत्यू खरा असतो, त्याचं गाणं-बिणं करायचं नसतं, असं गाणं स्वतःच सुरुवातीला सांगतं. प्रतीक म्हणून वाचायला इथे मनाई आहे, आणि ती मनाई रचनेतच आहे. गायकाच्या चरित्राने तिला दुजोरा दिला, इतकंच. दप्तराचं ओझं करणारा चुकतो तो चरित्र न वाचल्यामुळे नाही, गाणं नीट न ऐकल्यामुळे.

आणि चरित्र जिथे दिशाभूल करतं तिथे काय करायचं? ‘द नॅशनल’ या बँडच्या खिन्न, मध्यमवयीन गाण्यांतला ‘मी’ म्हणजे गायक मॅट बर्निंगर आणि गाणी म्हणजे त्याची डायरी, असं समजून ऐकणारे पुष्कळ आहेत. पण त्यातल्या बऱ्याच गाण्यांचे शब्द त्याने आणि त्याची बायको कॅरिन बेसर हिने मिळून लिहिले आहेत. संसारातल्या तुटलेपणाची जी ओळ आपण ‘त्याची कबुली’ म्हणून ऐकतो ती तिने सुचवलेली असू शकते. आता मुलाखत कोणाची घ्यायची? मित्स्की या गायिकेने २०१८च्या अल्बममध्ये जाणूनबुजून काल्पनिक पात्रं उभी केली. तरी ‘किती प्रांजळ, किती आतून आलेलं’ हीच वाहवा तिच्या वाट्याला आली. बाई गाते आहे म्हणजे ती स्वतःचंच सांगत असणार, हे आपण कधी ठरवलं? पुरुषाने खुन्याच्या तोंडचं गाणं म्हटलं तर त्याला कोणी पोलिसांत देत नाही.

हा घोळ गाण्यांपुरता आणि आजचाही नाही. १७७४मध्ये जर्मन लेखक गटेची ‘वेर्टर’ ही कादंबरी आली तेव्हा वाचकांनी अख्ख्या कादंबरीला चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या: ही लोटे म्हणजे शार्लोट बुफ, हा आल्बेर्ट म्हणजे तिचा नवरा केस्टनर. केस्टनर व्हायचा तसा दुखावला. वास्तविक गटेने दोन वेगवेगळी आयुष्यं एकत्र शिवली होती: पहिल्या भागात बराचसा तो स्वतः, आणि शेवट १७७२मध्ये आत्महत्या केलेल्या येरुझालेम नावाच्या ओळखीच्या तरुणाचा. ‘खरा वेर्टर कोण’ या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. पण लोक येरुझालेमच्या कबरीला भेटी देत राहिले. १७७५च्या आवृत्तीत गटेने नायकाच्या तोंडी ‘माझ्यामागे येऊ नकोस’ अशा अर्थाच्या ओळी घातल्या. म्हणजे लेखकाने आपल्या कृतीचा अर्थ जाहीरपणे सांगूनही पाहिला. पुढल्या पिढ्यांनी तो मानला असं म्हणणं धाडसाचं होईल.

चरित्राचा मोह सर्वांत घातक ठरतो तो गायक तरुणपणी गेला असेल तेव्हा. इंग्लिश गायक निक ड्रेक नोव्हेंबर १९७४मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी गेला. त्याच्या १९६९च्या पहिल्याच अल्बममध्ये एक गाणं आहे: कीर्ती म्हणजे फळझाड, बुंधा जमिनीत गाडला गेल्याशिवाय ते बहरत नाही, अशा कल्पनेचं. जिवंतपणी ज्याचे अल्बम फारसे खपले नाहीत आणि मेल्यावर जो पूजला गेला, त्याच्या तोंडी हे म्हणजे भविष्यवाणीच की! पण एवढं करून बघा: ड्रेक सत्तर वर्षं जगला, जाडजूड झाला, नातवंडांच्या बारशाला गिटार वाजवू लागला अशी कल्पना करा आणि तेच गाणं लावा. एकही अक्षर बदललेलं नाही. आता ते विशीतल्या पोराने कीर्तीच्या उशिरा येण्यावर केलेलं हुशार, जरासं नाटकी चिंतन वाटतं; या वयात बहुतेक कवी असं एक तरी लिहितात. मग भविष्यवाणी होती कुठे? ती गाण्यात नव्हती, आपण मागाहून आणून ठेवली. जॉय डिव्हिजन या बँडच्या जुलै १९८०च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर थडग्याचं छायाचित्र आहे आणि गायक इयन कर्टिसने त्याच वर्षी मे महिन्यात आत्महत्या केली होती. अनेकांना वाटतं, मुखपृष्ठ श्रद्धांजली म्हणून केलं. ते तो असतानाच निवडलेलं होतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळता येत नाही. कर्टिसच्याच बँडमधल्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं की त्याच्या शब्दांकडे त्यांनी त्या वेळी नीट लक्ष दिलं नव्हतं. लिहितोय काहीतरी, असं धरून ते चालले होते. मग ‘गाण्यातला मी म्हणजे गायक नव्हे’ हा शहाणपणा अशा वेळी क्रूर ठरत नाही का? ठरतो, जर तो रोज शेजारी बसणाऱ्या माणसाने वापरला तर. मित्राने काळजीत टाकणाऱ्या ओळी लिहिल्या तर त्याला विचारावं, ‘बरा आहेस ना?’ हा प्रश्न माणसाला विचारायचा असतो. गाणं उकलून त्याचं उत्तर मिळत नाही. हजारो मैलांवरच्या, वीस वर्षांनंतरच्या श्रोत्याला तो विचारण्याची सोयच नाही. काळोखं लिहिणारे कितीतरी जण उत्तम म्हातारे होतात, हे तेवढंच खरं.

अशा वादात कोणीतरी ‘लेखक मेला’ (म्हणजे अर्थ ठरवताना लेखकाला विचारायचं कारण नाही) हा रोलां बार्थचा फ्रेंच दाखला फेकतोच. त्याआधीचा अमेरिकन दाखला जास्त उपयोगाचा आहे, आणि तो अर्धाच सांगितला जातो. विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोन अभ्यासकांनी १९४६मध्ये लेख लिहून म्हटलं की कवितेचा अर्थ कवीच्या हेतूवरून ठरवणं ही चूक आहे. हे सगळ्यांना पाठ. पण त्याच दोघांनी तीन वर्षांनी, १९४९मध्ये, दुसरा लेख लिहिला: कवितेचा अर्थ वाचकाच्या मनावर झालेल्या परिणामावरून ठरवणं हीही तितकीच मोठी चूक. लेखकाला दाराबाहेर काढून वाचकाला गादीवर बसवा असं त्यांना म्हणायचं नव्हतं. त्यांनी दोघांनाही उठवलं. केंब्रिजचा समीक्षक आय. ए. रिचर्ड्स याने तर १९२९मध्येच याचा प्रत्यक्ष पुरावा छापला होता. त्याने कवींची नावं काढून टाकून कविता विद्यार्थ्यांना वाचायला दिल्या. नाव गेलं, चरित्र गेलं, मुलाखतीचा प्रश्नच नाही. तरी मुलांची घसरगुंडी झालीच: एखाद्या शब्दाने स्वतःची आठवण चाळवली की ते कविता सोडून त्या आठवणीबद्दल लिहू लागत.

यावर आपल्याकडचं निदान अधिक नेमकं आहे. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका बुडालेला असणं की समोरचं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आणि त्यावर उतारा काय, तर वाद्यं, गाणं, सजवलेला रंगमंडप: यांनी त्याचं मन स्वतःपासून सुटावं. आज हा उतारा आपण नेमका उलटा घेतो. आपलं दुःख ताजं ठेवायला गाणं लावतो. त्याला माझी हरकत नाही. कितीतरी रात्री माणसं त्यावर निभावतात. फक्त हे त्या गाण्याचं आकलन आहे, असं म्हणू नये. ज्या दिवशी एखादी बातमी कळली त्या दिवशी रिक्षात जे गाणं वाजत होतं ते जन्मभर त्या बातमीचं गाणं होऊन बसतं. ते बारशाचं गाणं असलं तरी.

मराठी श्रोत्यासाठी यात आणखी एक सापळा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपण इंग्रजी गाणं ऐकताना मनातल्या मनात मराठी करतो आणि आपलं व्याकरण आपल्याला निर्णय घ्यायला भाग पाडतं. इंग्रजी ‘यू’ला लिंग नाही, वचन नाही, आदर नाही. ‘यू लेफ्ट’ म्हटलं की आपल्याला ‘तू गेलास’, ‘तू गेलीस’, ‘तुम्ही गेलात’ यातलं काहीतरी एक निवडावंच लागतं. निवडलं, की प्रियकर, प्रेयसी किंवा वडील समोर उभे. हा अर्थ आपण लावला हे लक्षातही येत नाही. तो गाण्यातच होता अशी खात्री असते. गाणाऱ्याच्या आवाजावरून ‘मी’चं लिंग ठरवायचं आणि मग त्याच्या उलट ‘तू’चं, हा आपला बिनबोभाट रिवाज. उदास गाणं म्हणजे प्रेमभंगाचं गाणं, हे समीकरण निम्म्याहून अधिक तिथेच तयार होतं.

गाणं आपल्याच भाषेतलं असलं तरी या समीकरणाची पकड सुटत नाही. ग्रेस यांची ‘ती गेली तेव्हा’ ही कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत घराघरांत पोचली. ती प्रेयसीची समजून ऐकणारे आजही भेटतात. कवितेत ‘आई’ हा शब्द उघड आहे, बालपण संपल्याची भावना उघड आहे. गुपित काहीच नाही. पण पहिल्याच ओळीत ‘ती’, ‘गेली’ आणि पाऊस एकत्र आले की कान पुढचं ऐकेनासा होतो. इथे ‘माझ्यासाठी ती प्रेयसीच’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? एवढंच की बाबा रे, तू पहिल्या ओळीवर थांबलास.

लिंगापेक्षाही अवघड अडचण ‘वी’ची आहे. मराठीत त्याचे दोन शब्द होतात: ज्याच्याशी बोलतोय त्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. इंग्रजी गाणं हा फरक करत नाही. आपल्याला करावा लागतो. उदाहरणासाठी दोन ओळींचं एक ध्रुवपद इथेच बनवून घेऊ: ‘यू लेफ्ट द किचन लाइट ऑन, वी नेव्हर केम होम.’ आता ‘आपण’ घेऊन बघा. दोघं मिळून घरातून निघाली, तू स्वयंपाकघरातला दिवा मालवायला विसरलीस, आणि आपण परत आलोच नाही. घर रिकामं, दिवा कोणासाठी नाही. आता ‘आम्ही’. तू घरातच आहेस, आमच्यासाठी दिवा चालू ठेवला आहेस, आणि आम्ही आलो नाही. पहिल्यात नातं संपलेल्या जोडप्याचं गाणं होतं. दुसऱ्यात वाट बघणारी आई आहे, किंवा कदाचित परत न आलेलेच बोलताहेत.

कुठलं बरोबर, हे मुलाखतीशिवाय आणि ‘माझ्यासाठी’ न म्हणता ठरवायला घेऊ. सुरुवातीला दोनदा शब्द न बघता ऐकायचं आणि जे ऐकू आलं ते लिहायचं. मग अधिकृत छापील शब्दांशी ताडून बघायचं. कोणीतरी ऐकून उतरवलेल्या शब्दांवर विसंबायचं नाही, कारण तिथे एका ‘द’चा ‘अ’ झाला तरी घर परकं होतं. चुकून भलतंच ऐकू येण्याला इंग्रजीत ‘मॉन्डेग्रीन’ असं खास नाव आहे, १९५४पासून. ‘त्याला हिरवळीवर निजवलं’ या ओळीत सिल्व्हिया राइट या लेखिकेला लहानपणी ‘लेडी मॉन्डेग्रीन’ नावाची बाई ऐकू आली होती, म्हणून. मग सर्वनामांखाली रेघा ओढायच्या: ‘यू’ सगळ्या कडव्यांत एकच आहे का? क्रियापदांचा काळ कुठे बदलतो? ध्रुवपद तिसऱ्यांदा येतं तेव्हा मधल्या कडव्यामुळे त्याच शब्दांचा भार बदलला का? हे झाल्यावर आपला अर्थ एका वाक्यात लिहायचा आणि त्याच्या सर्वांत विरोधात जाणारी ओळ शोधायची. बहुतेक जण ही शेवटची पायरी गाळतात आणि म्हणूनच त्यांचा अर्थ कधी चुकत नाही. मुलाखत वाचायची असेल तर या सगळ्यानंतर. आधी वाचली की कान तेच शोधतो.

आपल्या बनवलेल्या गाण्यात, समजा, पहिलं कडवं रात्रीच्या रस्त्याचं आहे: पेट्रोल कमी, रेडिओवर खरखर. दुसऱ्यात टेबलावरची कॉफी आणि भिंतीवरचं घड्याळ. तिसऱ्यात कोणीतरी दिवा मालवतं. मालवणारं कोणी आहे म्हणजे घर रिकामं नाही, ‘आम्ही’चं पारडं जड झालं. पण ध्रुवपदातला ‘वी’ पहिल्या दोन वेळी दुहेरी आवाजात आहे: गाडीतली दोन भावंडं असतील, किंवा पुन्हा तेच जोडपं. तिसऱ्या वेळी वाद्यं थांबतात आणि ‘वी’ एकेरी, उघड्या आवाजात येतो. ‘आम्ही’ म्हणायला एकच जण उरलाय. आता कोणी येऊन सांगितलं की गायकाने हे आपला जुना बँड सोडल्यावर लिहिलं, तर ठीक, कशावरून सुचलं ते कळलं. घरात कोण जागं आहे ते तरी कळलं नाही. आणि कोणी म्हणालं की इतकी चिरफाड केल्यावर गाण्यात काय उरणार, तर उत्तर सोपं आहे, पुन्हा लावून बघा. मला स्वतःला ‘आम्ही’ पटतं. पण त्याच्या विरोधात जाणारी एक जागा अजून शिल्लक आहे, दुसऱ्या कडव्यातली कॉफी. ती निघायच्या घाईत अर्धी टाकून गेलेल्यांची असेल तर ती केव्हाच गार झालेली असणार. तिच्यासमोर कोणी बसलेलं असेल, तर ती गार होत असताना दिसेल. ‘आपण’वाल्याशी वाद घालायचा तर तो या एका क्रियापदावर: कॉफी गार झालीय, की अजून होतेय?